नसलेलं बटण

प्रिय धाकटे,

सवयीने आधी 'प्रिय अर्धे' असं लिहिलं होतं. मग तो कागद चुरगळला आणि दुसरा घेतला. एरवी मी दर रविवारी हजार शब्द पाडणारा माणूस, पण आज सकाळपासून नुसता टेबलाशी बसलोय. दोनदा टेबल पुसलं, तीनदा पेनं एका रांगेत लावली. तुझी वहिनी दारातून डोकावून म्हणाली, घर इतकं आवरलेलं राहणार असेल तर रोज एक पत्र लिहीत जा. हे पत्र लांबणार आहे. माझी वाक्यं तुला अर्ध्या वाटेत सोडून देतात हे मला चांगलं माहीत आहे, आणि माहीत असूनही मी ती तशीच लिहीत आलो. म्हणून एक कर. हे एका बैठकीत वाचू नकोस. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा एकेक परिच्छेद वाच आणि वाचलेल्या जागी तुझ्या कापड बेतायच्या खडूने खूण कर. शेवटचा परिच्छेद वेगळ्या कागदावर आहे, तो तुझ्या पद्धतीने लिहिलाय. पण तो आधी उघडू नकोस. मला आयुष्यात एकदा तरी सगळं क्रमाने सांगू दे.

आईची तारीख ठरली. पुढच्या महिन्याच्या चौदाला, गुरुवारी, खुब्याचं ऑपरेशन. पडल्यापासून ती खुर्चीत बसून घर चालवते आणि आम्ही तिघं उभे राहून हुकूम झेलतो. हॉस्पिटलचा नियम असा, की पेशंटजवळ एकच माणूस राहील आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच राहील. डॉक्टर जे सांगतील, नर्स जे सांगेल, ते त्या एका माणसाला. तुझी वहिनी राहायला तयार होती. मीही तयार होतो, म्हणजे ती तयार आहे हे कळल्यावर झालो. आई म्हणाली, मला माझी पोरगी हवी. म्हणून मी तुला फोन केला. तू नेहमीसारखं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मला नको रे ठेवू तिथे. माझ्या डोक्याचा काय भरवसा? मला नसलेली बटणं आठवतात." आणि हसलीस. मीही हसलो. चाळीस वर्षं आपण यावर हसतोय. दूधवाला उशिरा आला आणि सबब सांगू लागला की बाबा म्हणायचे, झालं, याचंही बटण हरवलं. मी तर ते वर्तमानपत्रातल्या माझ्या रविवारच्या सदरात घालून घरोघरी पोचवलं. परवा बँकेतला कारकून माझ्यासमोर दुसऱ्याला म्हणाला, "साहेब, नसलेलं बटण सांगू नका." त्याला माहीतही नव्हतं, की ते वाक्य लिहिणारा रांगेत उभा आहे. त्या दिवशी मात्र ते हसू फोन ठेवेपर्यंतच टिकलं. का, ते पुढे येईल.

आमच्या लेकीचं, मुंगीचं, तुला फारसं सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, हे आम्हालाच कळत नव्हतं. आठ वर्षांची झाली. मुंगी हे नाव आईने ठेवलं, कारण ती खाली बघत चालते आणि हातात कायम काहीतरी असतं. बोलायला उशिरा लागली. आम्ही म्हटलं, बापाने घरातले सगळे शब्द वापरून टाकले, तिच्या वाट्याला राहणार काय. मग शाळा सुरू झाली आणि वहीत लाल शाईच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. बाई म्हणतात, वही काढा, समास आखा, तारीख घाला आणि फळ्यावरचं उतरवून घ्या. मुंगी वही काढते आणि बसून राहते. एकदा मधल्या सुट्टीत कुणीतरी हिला जिन्यावर ढकललं. ही सांगायला गेली, तर कोणी कोणाला ढकललं ते हिच्या बोलण्यात असं काही गुंतलं, की गुडघा हिचाच फुटला आणि कोपऱ्यात उभी राहिली तीही हीच. वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. लक्ष नसतं, हट्टी आहे, मुद्दाम करते, असं बरंच काही म्हणाल्या. मी काय केलं असेल? मी त्यांना हसवलं. म्हटलं, आमच्या घराण्यात माल अर्धाच पोचवायची रीत आहे, माझ्या बहिणीपासून चालत आलीय. बाई खूप हसल्या. त्या सदराच्या वाचक निघाल्या. मुंगी माझं बोट धरून शेजारी उभी होती.

तुझ्या वहिनीला मात्र हसू येत नव्हतं. तिने चार ठिकाणी विचारून भाषेच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या एक बाई शोधल्या, आणि त्यांनी आम्हाला एका संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे अशा मुलांचा मेंदू काम करताना कसा दिसतो ते तपासतात. दार जाड, भिंतींना आवाज शोषणारे पांढरे ठोकळे, मध्ये एक खुर्ची आणि समोर पडदा. मुंगीच्या डोक्यावर पोहायला जाताना घालतात तशी एक टोपी चढवली. तिला बत्तीस भोकं आणि प्रत्येक भोकात एक छोटी चकती. त्या चकतीखाली गार चिकट मलम घालायचं, म्हणजे मेंदूतली बारीकशी वीज पकडता येते. दुखत काही नाही, नुसतं वाचतात आतलं. मुंगीने विचारलं, "मी काय विचार करते ते दिसणार?" बाई म्हणाल्या, "नाही, किती मेहनत करतेस तेवढंच दिसणार." एवढ्यावर ती खुर्चीत सरळ बसली. काचेपलीकडे आम्ही दोघं.

मग तिला अर्थ नसलेले शब्द ऐकवले. दोन अक्षरांचे, तीन अक्षरांचे, वाढत वाढत पाच-सहा अक्षरांचे. ऐकायचे आणि तसेच्या तसे परत म्हणायचे. लहान शब्द तिने पटापट म्हटले. चार अक्षरांवर ती अडखळली आणि पाचावर नुसतीच बसून राहिली. घरी असं बसली की मी म्हणतो, गाडी फलाटावर उभी आहे. मी तुझ्या वहिनीकडे बघून तेच म्हणणार होतो, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या रेषांकडे बोट केलं. म्हणाल्या, "हे बघा. आपल्याला ती नुसती बसलेली दिसतेय, त्या दोन सेकंदांत इथे काय चाललंय बघा." मला त्या रेषांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एखाद्या बंद दाराआड वीस माणसं सामान हलवत असावीत, तशा त्या रेषा धडपडत होत्या. शांत मुलीच्या डोक्यातून निघालेल्या. बाई म्हणाल्या, एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, आणि हे असं का होतं ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. पण एवढं नक्की, की ही आळशी नाही. तुम्हाआम्हाला जे आपसूक जमतं, त्याला हिला अंगातला सगळा जोर लावावा लागतो.

तुला कळेल असं त्यांनीच सांगितलं, माझ्या पदरचं नाही. डोक्यात एक कोठार असतं, जुन्या गोष्टींचं. ते हिचं चांगलं भरलेलं आहे. पण कोठारातली वस्तू असो की बाहेरून आलेली, कामाला घ्यायची तर ती आधी ओट्यावर ठेवावी लागते. ऐकलेलं वाक्य कळेपर्यंत त्याचे शब्द त्या ओट्यावर मांडून धरायचे असतात. हिचा ओटा अरुंद आहे. चौथी वस्तू ठेवली की पहिली पडते. वाक्याचा शेवट येईतो सुरुवात जमिनीवर. मग लोक म्हणतात, हिला सांगून उपयोग नाही. मी म्हटलं, माझीही परीक्षा घ्या. उलटे आकडे म्हणायचे होते. मी सात आकड्यांपर्यंत एकही न चुकता म्हटले आणि शाळकरी पोरासारखी छाती काढून बसलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर खूण केली आणि वर न बघता म्हणाल्या, "तुमचा ओटा मोठा आहे. त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही." धाकटे, लोकांना टोचून बोलण्यात माझी हयात गेली. पण असं नेमकं आणि इतक्या सहज मला कुणी टोचलं नव्हतं.

निघताना एक फॉर्म भरायचा होता. त्यात प्रश्न होता, घरात आणखी कुणाला लहानपणी अशी अडचण होती का. मी 'नाही' लिहिलं. माझा हात अजिबात अडला नाही, हे विशेष. तुझ्या वहिनीने कागद वाचला आणि माझ्याकडे बघून फक्त "आत्या?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तिचं वेगळं होतं. काय वेगळं होतं, हे तिने विचारलं नाही. परत येताना बसमध्ये मुंगी माझ्या मांडीवर झोपली, केसांत ते चिकट मलम तसंच, आणि मी खिडकीबाहेर बघत सगळा रस्ताभर तुझा फ्रॉक आठवत होतो.

तो करड्या रंगाचा, एका खिशाचा फ्रॉक. त्या खिशात तुझा सगळा कारभार. तुला दोन कामं सांगितली की एक राहायचं, हे तुझं तूच ओळखलं होतंस, सहा-सात वर्षांची असताना. मग तू निरोप खिशात ठेवायला लागलीस. ऐकलं की लगेच आजूबाजूला बघून एखादी वस्तू उचलायची आणि खिशात टाकायची. आगकाडी, पेन्सिलीचा तुकडा, खडा. घरी आलीस की एकेक वस्तू काढून एकेक निरोप सांगायचीस, आणि खिसा रिकामा झाला म्हणजे काम पुरं झालं. आज त्या उपचार करणाऱ्या बाई आम्हाला हेच शिकवतात. एका वेळी एकच सांगा, मध्ये थांबा, हातात धरता येईल असं काहीतरी द्या. आणि तू दुकानात काय करतेस? गिऱ्हाईक बाही, गळा, उंची असं घडाघडा सांगू लागलं की त्याला हाताने थांबवतेस. एक सांगा, खडूने कापडावर खूण झाली की दुसरं. लोकांना वाटतं, मास्तरीण मोठ्या कडक शिस्तीची. मावशीच्या दुकानात सगळ्यात कमी कापड तू वाया घालवलंस, हे मावशीच सांगायची. यातलं एक अक्षरही मी कधी छापलं नाही. मी छापली ती 'आमची अर्धी'. पाव आणायला जाऊन रिकामी पिशवी घेऊन येणारी. पाहुण्यांना 'या' म्हणायचं विसरून 'बसा' म्हणणारी, तेही ते निघताना. अकरा वर्षं चाललं ते सदर. तू कधी काही बोलली नाहीस. एकदाच विचारलंस, "दादा, मी खरंच अशी आहे का रे?" आणि मी म्हणालो, वेडे, ते काल्पनिक आहे. पुढच्या रविवारी तेही छापलं.

आता त्या दिवसाबद्दल. घरात सगळ्यांना माहीत असलेली हकिगत आधी सांगतो. आईच्या पित्ताशयात खडे होते आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. घरात फोन नव्हता. दवाखाना दोन गल्ल्या सोडून. तू नऊ वर्षांची, संध्याकाळी तिथून निरोप आणायला गेलीस. नर्सने तीन गोष्टी सांगितल्या. सकाळी आठला या. आधी काढलेले एक्स-रेचे फोटो बरोबर आणा. आणि रात्री दहानंतर पोटात काही जाऊ देऊ नका, पाणीसुद्धा नाही. तू घरी येऊन दोनच सांगितल्या. सकाळी आईला अशक्तपणा वाटला म्हणून बाबांनी स्वतः तिला चहा आणि दोन बिस्किटं दिली. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि टेबलावरून परत पाठवलं. ऑपरेशन पुढे गेलं, दरम्यान आत पू झाला, आणि आई अठरा दिवस तिथे ताप आणि सलाइन यांत पडून होती. वाचली. पण बाबा छापखान्यात मुद्रितं तपासणारे, त्यांना एका काना-मात्रेची चूक खपायची नाही. ते म्हणाले, हिच्या भरवशावर घर ठेवता येणार नाही. परीक्षा झाल्या तशी तुला मावशीकडे पाठवली. शिवण तरी शिकेल म्हणून. तुझी शाळा चौथीत संपली ती कायमची. तेव्हापासून तू आईला हाताने औषध दिलेलं नाहीस, हे मी बघत आलोय. घरी येतेस, भांडी घासतेस, तिचे पाय चेपतेस, आणि गोळीची वेळ झाली की उठून स्वयंपाकघरात जातेस.

हकिगत इथे संपते, म्हणजे इतकी वर्षं आम्ही ती इथे संपवत आलो. गेल्या महिन्यातला एक मंगळवार आला नसता तर मी ती तिथेच ठेवली असती. तुझी वहिनी कामावर गेली होती आणि धुण्याचं काम माझ्याकडे होतं. मुंगीने शाळेतून येऊन बदललेला कपडा मशीनमध्ये टाकण्याआधी मी खिसा उलटा केला. खोडरबराचा तुकडा, कागदाला लावायची पिन आणि एक निळं बटण. तिला हे कुणी शिवकलं नव्हतं, म्हणजे शिकवलं नव्हतं. बघ, माझंही अक्षर आता घसरायला लागलं. उपचाराच्या बाईंनी तोवर वस्तूंचं काही काढलंही नव्हतं. तिचं तिनेच शोधून काढलं, तुझ्यासारखं. आणि बटण तिने उचललं होतं आपल्या जुन्या सोंगट्यांच्या डब्यातून. लाल चार, पिवळ्या चार, हिरव्या चार, निळ्या तीन आणि हरवलेल्या निळ्या सोंगटीच्या जागी हे बटण. मी ते ओळखलं. चार भोकांचं, एका कडेला टवका गेलेलं. मी भराभर खोडरबर आणि पिन मशीनवर ठेवली, बटण डब्यात परत टाकलं आणि डबा कपाटावर, तिचा हात पोचणार नाही इतका वर ठेवला.

थोड्या वेळाने ती आली. मशीनमधून तो कपडा काढून हातात घेतला, मशीनवरचं खोडरबर आणि पिन उचलली, आणि मग खिसा शोधू लागली. आधी दोन बोटं, मग सगळी मूठ, मग कपड्याच्या दुसऱ्या बाजूला, जिथे खिसाच नाही. मी ते आधी पाहिलं होतं, अगदी त्याच क्रमाने. ती म्हणाली, "बाबा, माझं निळं बटण?" आणि माझ्या तोंडून, विचार करायच्या आत, चाळीस वर्षं तयार असलेलं वाक्य निघालं. "कसलं बटण?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावरून काहीतरी निघून गेलं. ती हळूच म्हणाली, "मग मला चुकीचं आठवतंय का?"

मी खुर्चीवर चढलो. माझे गुडघे आता खुर्चीवर चढण्याच्या लायकीचे नाहीत, तरी चढलो. डबा काढला, तिच्यासमोर जमिनीवर ओतला आणि बटण तिच्या हातात ठेवलं. म्हणालो, नाही, तुला बरोबर आठवतंय. तुझ्याकडे बटण होतं. मी घेतलं आणि मी खोटं बोललो. तिने बटण खिशात घालून वरून खिसा दाबला आणि विचारलं, का घेतलंस? मी सांडलेल्या सोंगट्या गोळा करू लागलो. तेवढ्यात ती आठवत म्हणाली, बटण म्हणजे उद्या चित्रकलेची वही न्यायची. काम पुरं झालं, ती खेळायला गेली. मी त्या सोंगट्यांत बसून होतो. आई खुर्चीत होती, तिने सगळं ऐकलं होतं.

तिला मी त्याच दुपारी सांगितलं, आणि आता तुला सांगतो. त्या संध्याकाळी निरोप आणायला बाबांनी मला पाठवलं होतं, तुला नाही. मी बारा वर्षांचा, जिन्याखाली दोघा मित्रांबरोबर पट मांडून बसलेलो. डाव रंगात आला होता म्हणून मी तुला पिटाळलं. तू परत आलीस तेव्हा आमची एक निळी सोंगटी हरवली होती. मित्रांना गंमत दाखवावी म्हणून मी तुझा खिसा रिकामा करायला लावला. तू एकेक वस्तू दाखवलीस. आगकाडी म्हणजे आठ वाजता. घडी घातलेला कागद म्हणजे फोटो. निळं बटण म्हणजे खायचं नाही, कारण बटण लावलं की बंद. किती छान होतं ते. आम्ही पोट धरून हसलो. आगकाडी आणि कागद मी परत दिला, बटण पटावर ठेवलं. तू मागत राहिलीस. मी म्हणालो, आता सांगितलंस ना एकदा, आता लक्षात राहील, जा. तू गेलीस. बाबांसमोर दोन निरोप सांगितलेस आणि मग खिसा शोधत उभी राहिलीस, अजून एक आहे, अजून एक आहे म्हणत. बाबांना कामाची घाई होती. त्यांना वाटलं, नेहमीचंच. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परत आल्यावर त्यांनी तुला विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, दादाने बटण घेतलं. बाबा माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "कसलं बटण? हिच्याकडे बटण नव्हतंच." तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, धाकटे. आपलंच काही चुकलं असेल अशा नजरेने. पुढे तू ते बटण पुन्हा कधी काढलं नाहीस. काढलंस ते विनोद म्हणून, आम्ही शिकवला तसा. अरुंद ओट्यावरून वस्तू पडते, त्याला कुणाचा इलाज नाही. पण त्या दिवशी तुझ्या ओट्यावरून काही पडलं नव्हतं. मी ते उचललं, आणि वर तुलाच सांगितलं की तिथे काही नव्हतंच.

आई हातातला टॉवेल घडी घालत होती, उलगडत होती. मला वाटलं रडेल, किंवा निदान मला चार शब्द ऐकवेल. शेवटी म्हणाली, "हे मला काय सांगतोस? तिला सांग." मी म्हटलं, आजच फोन करतो. तर म्हणाली, "फोन नको. फोनवर तू गमती करशील." या बाईने मला बावन्न वर्षं ओळखलंय. म्हणून पत्र. यावर एक लेख चांगला झाला असता, हे माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. लोकांनी कबुलीबद्दल पाठ थोपटली असती आणि मी ती थोपटून घेतली असती. तो लेख होणार नाही. 'आमची अर्धी' गेल्या रविवारीच बंद केलं, संपादकांना कारण विचारू दिलं नाही. तो फॉर्मही परत मागून 'नाही' खोडून 'हो, माझी बहीण' असं लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी वाचून विचारलं, त्या आता काय करतात? मी सांगितलं, कापड बेततात. एक इंच चुकत नाही.

आता तुझ्या पद्धतीने. तीन निरोप आहेत. एक वाच. थांब. मग पुढचा. पहिला निरोप. चौदा तारखेला ये. आईजवळ तू राहा. डॉक्टर बोलतील. त्यांना हाताने थांबव. एकेक विचारून घे. तुझा खिसा बरोबर आण. दुसरा निरोप. आईला सगळं सांगितलंय. ती म्हणते, गोळ्या तूच द्यायच्या. मुंगीपण वाट बघतेय. तिला खिसा दाखवायचाय. बटण तिच्याजवळ आहे. तिसरा निरोप. हा मी चाळीस वर्षं दाबून ठेवला. तुझ्याकडे बटण होतं. निळं होतं. चार भोकांचं होतं. मी घेतलं. तुला बरोबर आठवत होतं.

तीनही निरोप पुरे पोचवलेला, तुझाच,

दादा